प्राणवायू : हवेतला आणि सिलिंडरमधला

(मंडळाच्या वार्षिक निधीसंकलन कार्यक्रमात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



निधीसंकलनाच्या कार्यक्रमात भाषण सुरू झालं की श्रोत्यांचं अर्धं लक्ष जेवणाच्या हॉलकडे असतं, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. आज तर मसालेभाताचा वास इथपर्यंत येतो आहे. तो आणणारी हवा हाच आमचा विषय आहे, तेव्हा थोडा वेळ धीर धरावा ही विनंती.

आमच्या समितीत दोन डॉक्टर, एक रेस्पिरेटरी थेरपिस्ट, एक निवृत्त शिक्षिका आणि एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. हे इंजिनिअर समितीत उशिरा का आले, ते पुढे सांगणारच आहोत. त्यात आमचीच फजिती आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. वांगी चिरली की आपली आई ती लगेच पाण्यात टाकायची. का, असं विचारलं तर उत्तर मिळायचं, "काळी पडतात." धुऊन न पुसता ठेवलेला लोखंडी तवा दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. गावाकडे चूल विझत आली की फुंकणीने फुंकर घालायची, निखारे लगेच लाल व्हायचे. शाळेत मेणबत्तीवर पेला उपडा ठेवून ती विझवून दाखवायचे. वांगं काळं पडणं, तवा गंजणं, चूल पेटणं आणि आपण इथे बसून श्वास घेणं, या सगळ्यांमागे एकच मूलद्रव्य आहे. ऑक्सिजनला स्वस्थ बसवत नाही. जो भेटेल त्याच्याशी तो जोडला जातो. चुलीत हे भडकून होतं, आणि आपल्या शरीरात तेच हळूहळू, नियंत्रणात राहून होतं. आपल्या अंगाची ऊब त्यातूनच येते.

आणि हा ऑक्सिजन काही दुर्मिळ नाही. आपल्या वजनाचा सुमारे ६५ टक्के भाग ऑक्सिजनच आहे. नऊ किलो पाण्यात आठ किलो ऑक्सिजन असतो. दगडमातीचं जे कवच आपल्या पायाखाली आहे, त्याच्या वजनातही ४६ टक्क्यांच्या आसपास तोच आहे. पण हा सगळा दुसऱ्या कुणाशी तरी बांधलेला आहे, श्वासाला उपयोगाचा नाही. श्वासासाठी मोकळा लागतो, आणि तो हवेत २१ टक्के आहे. मुंबईतही तेवढाच, इथेही तेवढाच, गरिबाच्या झोपडीतही तेवढाच.

मग २०२१ साली आपण सगळ्यांनी फोनवर जो शब्द ऐकला, तो 'ऑक्सिजनचा तुटवडा' आला कुठून?

याचं उत्तर शोधताना थोडा इतिहास बघू. आपल्यापैकी काही जण मंडळाच्या सहलीला पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलंडला आले होते. इथून गाडीने तीनेक तास, सस्क्वेहाना नदीच्या काठी लहानसं गाव. तिथे जोसेफ प्रिस्टली यांचं घर जपून ठेवलं आहे. त्यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या बोवुड हाऊस इथे बारा इंच व्यासाच्या भिंगाने सूर्याची किरणं पाऱ्याच्या लाल भस्मावर एकवटली. त्यातून एक वायू निघाला. त्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळली. पुढे त्यांनी एक उंदीर त्यात ठेवला. साध्या हवेत तो पाव तास तगला असता असा त्यांचा हिशोब होता, तो अर्धा तास तगला. मग त्यांनी स्वतःच तो वायू हुंगून पाहिला.

त्यांच्याआधी स्वीडनमध्ये शील यांनी हाच वायू मिळवला होता, पण त्यांचं पुस्तक १७७७ साली छापून आलं. फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी त्याचं खरं कार्य ओळखलं आणि 'ऑक्सिजन' हे नाव दिलं. त्याचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. सगळ्या आम्लांत हा असतोच, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, पण नाव राहिलं. आपल्याकडचा 'प्राण' हा शब्द फार जुना. पंचप्राणांतल्या प्राणाचा अर्थ वेगळा होता, तेव्हा आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्रातला ऑक्सिजन ठाऊक होता असं आम्ही म्हणणार नाही. पण मराठी पुस्तकांनी या वायूला 'प्राणवायू' म्हटलं, आणि तो काय करतो हे त्या नावातच आलं.

प्रिस्टली यांच्या धार्मिक आणि राजकीय मतांमुळे १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांचं घर, प्रयोगशाळा आणि ग्रंथसंग्रह जाळला. १७९४ साली ते अमेरिकेला आले. म्हणजे ज्यांनी प्राणवायू शोधला तेही आपल्यासारखेच साता समुद्रापार येऊन राहिलेले. त्यांच्या शोधाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १८७४ साली, इथले रसायनशास्त्रज्ञ त्या गावी जमले आणि त्यातून दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. एका छोट्या गावातल्या मेळाव्यातूनही काहीतरी उभं राहू शकतं, एवढंच आपल्या मंडळाने लक्षात ठेवावं.

आता शरीराकडे वळू. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. दिवसाचे होतात ३६० लिटर, वजन सुमारे अर्धा किलो. अन्नाशिवाय माणूस काही आठवडे काढतो, पाण्याशिवाय काही दिवस. ऑक्सिजनची शिल्लक मात्र काही मिनिटांचीच असते. रक्तातलं हिमोग्लोबिन तो वाहून नेतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर चार जागा, प्रत्येक जागेवर लोहाचा एक अणू आणि त्यावर ऑक्सिजनचा एक रेणू, अशी ही चार सीटांची रिक्षा समजा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, किंवा हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालवला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. तो याच जागा बळकावतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट असते. इथे आपल्या घरात त्याचा अलार्म असतो. गावी आई-वडिलांकडे नसतो. या खेपेला गेलात की त्यांच्या न्हाणीघराची खिडकी उघडते का, ते अवश्य बघा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. ही युक्ती जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि त्यावरून आकडा येतो. ९५ ते १०० म्हणजे सर्वसाधारणपणे ठीक, ९० च्या खाली म्हणजे धावपळ करायची वेळ. मात्र गार पडलेलं बोट, नेलपॉलिश यांनी आकडा चुकू शकतो, आणि गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. आपण सावळी माणसं, आपण हे लक्षात ठेवायला हवं. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतो आहे, तर माणसावर विश्वास ठेवावा.

आणखी एक. रुग्णाला दिलेला ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. १९४० आणि ५० च्या दशकांत इथल्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जायचा. त्यातल्या हजारो बाळांची दृष्टी गेली. कारण अति ऑक्सिजन होता, हे पुढे संशोधनातून सिद्ध झालं. तेव्हा नुसती नळी असून भागत नाही. किती द्यायचा हे मोजणारं साधन आणि जाणणारी परिचारिकाही लागते.

आता तुटवड्याच्या प्रश्नाकडे येतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन आजारी फुप्फुसाला पुरत नाही. तो वेगळा काढून खाटेपर्यंत न्यावा लागतो, आणि त्याचे मुख्य तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग, हवा अतिथंड करून द्रवरूप ऑक्सिजन मिळवायचा. तो उणे १८३ अंशांवर असतो आणि त्याला खास टँकर लागतो. दुसरा सिलिंडर. आपल्याकडच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला पाच लिटर दिला तर एक दिवसही पुरत नाही. तिसरा कॉन्सन्ट्रेटर. यात झिओलाइटच्या दाण्यांतून हवा दाबाने सोडतात. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. याला टँकर नको, पण वीज हवी.

म्हणजे हवेत ऑक्सिजन कधीच कमी पडला नव्हता. कमी पडले ते टँकर, सिलिंडर, झडपा, वीज आणि हाताळणारी माणसं. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून थेट विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे धाडावे लागले. २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण गेले. ऑक्सिजन आवारातच होता, खाटेपर्यंत पोचला नाही. उलट नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने पहिली लाट ओसरल्यावरही तयारी थांबवली नाही, स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभारले, आणि दुसऱ्या लाटेत ते कामी आले.

त्या दिवसांत आपणही गप्प बसलो नाही. रात्री-अपरात्री फोन यायचे. तुम्ही चार दिवसांत जी देणगी दिलीत ती आम्ही कधीच विसरणार नाही. मिळेल तिथून आम्ही बारा कॉन्सन्ट्रेटर घेतले आणि कोकणातल्या एका छोट्या रुग्णालयाला पाठवले. फोटो आले, टाळ्या झाल्या.

आता ती फजिती सांगतो. बारांपैकी पाच यंत्रं इथल्या घरगुती विजेवर चालणारी होती, ११५ व्होल्टची. भारतात वीज २३० व्होल्टची. घाईत कुणी पाहिलंच नाही. एक यंत्र पहिल्याच दिवशी जळालं. बाकीच्यांना तिथे ट्रान्सफॉर्मर शोधले. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची आवर्तनं बदलत नाही. इथे सेकंदाला ६०, तिथे ५०. पंप मंद चालला आणि ऑक्सिजन अपुरा आला. त्यानंतर आम्ही इंजिनिअरांना अक्षरशः हात धरून समितीत आणलं.

पुढच्या वर्षी आमच्यातले दोघे सुट्टीत तिथे जाऊन आले. उरलेल्या सातांपैकी तीनच यंत्रं चालू होती. चार एका खोलीत चादर घालून ठेवलेली. फिल्टर धुळीने भरलेले, आणि कोकणातल्या पावसाळ्याच्या दमट हवेने झिओलाइट निकामी झालेला. दुरुस्ती करणारा माणूस जवळपास नाही, सुटे भाग नाहीत. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "यंत्र दिलंत, उपकार झाले. पण बिघडलं तर कुणाला फोन करायचा, ते सांगितलं नाहीत." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हाला ते जास्त लागलं.

साथ गेली. न्यूमोनियाचं बाळ, दम्याचा शेतकरी, अडलेली बाळंतीण हे काही गेले नाहीत. त्यांना आजही, या क्षणीही, ऑक्सिजन लागतो आहे. म्हणून यंदाचा निधी नवीन यंत्रांचे फोटो काढण्यासाठी नाही. तो चार गोष्टींसाठी आहे.

एक, चालू शकणारी यंत्रं दुरुस्त करून, तिथल्याच पुरवठादाराकडून घेतलेल्या सुट्या भागांसह, तीन वर्षांची देखभाल. दोन, वीज गेली तर पुरेल असा इन्व्हर्टर आणि जोडीला भरलेला सिलिंडर. पाच लिटरचं यंत्र दिवसाला आठेक युनिट खातं, तेव्हा एका घरगुती बॅटरीवर ते तीन-चार तासच चालेल. तीन, लहान बाळाच्या बोटाला बसतील असे सेन्सर असलेले चांगले ऑक्सिमीटर. आणि चार, गावातल्याच दोन तरुणांना यंत्रदुरुस्तीचं आणि परिचारिकांना मात्रेचं प्रशिक्षण. पैसे परकीय देणगी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या संस्थेमार्फतच जातील, आणि दर सहा महिन्यांनी किती यंत्रं चालू, किती बंद, हा आकडा आम्ही मंडळाच्या सभेत वाचून दाखवू. बंद असलेला आकडाही वाचू.

नवीन यंत्रावर देणगीदाराचं नाव कोरता येतं. फिल्टर बदलण्यावर नाव कोरता येत नाही, हे आम्हाला कळतं. पण त्या सिस्टरना फोन करायला एक नंबर मिळावा, आणि त्या नंबरवर कुणीतरी उचलणारं असावं, यासाठी आम्ही आज तुमच्यापुढे झोळी पसरतो आहोत.

देणगीचा तक्ता पुस्तिकेच्या मागच्या पानावर आहे. जेवण गरम आहे. आणि हो, आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात तुम्ही प्रत्येकी चार-पाच लिटर ऑक्सिजन वापरलात, अगदी फुकट. त्याची थोडीशी परतफेड करूनच जेवायला बसावं, ही नम्र विनंती.