‘आपला ऊवे’ : एका जर्मन खेळाडूची कारकीर्द

धंदेवाईक खेळाडूची योग्यता त्याला मिळणाऱ्या रकमेवरून ठरविण्याचा प्रघात सध्यां पडला आहे. कोणत्या क्लबानें कोणाला किती कोटींस घेतलें, ही बातमी सामन्याच्या वर्णनाहूनहि अधिक आवडीनें वाचली जाते. हा व्यवहार गैर आहे असें नव्हे. खेळाडूचें शरीर हेंच त्याचें भांडवल, आणि तें दहा-पंधरा वर्षांत झिजून जातें. तेव्हां अंगांत बळ आहे तोंवर त्यानें त्याचा पुरता मोबदला घ्यावा, यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु हाच हिशेब निराळ्या रीतीनें मांडणारा एक फुटबॉलपटु जर्मनींत होऊन गेला. त्याचें नांव ऊवे झेलर.

झेलरचा जन्म ५ नोव्हेंबर १९३६ रोजीं हँबुर्ग येथें झाला. एल्ब नदीवरील हें मोठें बंदर. त्याचा बाप एर्विन बंदरांत काम करी आणि फुटबॉलहि उत्तम खेळे. थोरला भाऊ डीटर हाहि खेळाडूच निपजला. १९४३ च्या बाँबवर्षावांत या शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. युद्ध संपलें तेव्हां ऊवे आठ वर्षांचा होता, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचें नांव ‘हँबुर्गर एस्. व्ही.’ या क्लबांत दाखल झालें. तें पुढें कधींच निघालें नाहीं.

फुटबॉलमध्यें सेंटर-फॉरवर्ड म्हणजे आघाडीच्या फळीचा मधला गडी. गोल करणें हें त्याचें मुख्य कर्तव्य. या जागीं उंचापुरा माणूस असावा असा संकेत. झेलर मात्र साडेपांच फुटांहून किंचित् उंच, भरदार छातीचा आणि जाड मांड्यांचा. पण उडी घेण्याची वेळ त्याला अशी कांहीं साधली होती कीं, वीतभर उंच प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरचा चेंडू तो आपल्या डोक्यानें हिसकावून घेई. पाठीवर पडतां पडतां चेंडू डोक्यावरून मागें मारणें, जमिनीसरसें झेपावणें, हे त्याचे नेहमींचे प्रकार. पश्चिम जर्मनीनें जुलै १९५४ मध्यें विश्वचषक प्रथमच जिंकला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, झेलर फ्रान्सविरुद्ध राष्ट्रीय संघांतून खेळला. १९६० मध्यें हँबुर्गनें कोलोन संघाचा ३–२ असा पराभव करून जर्मन अजिंक्यपद मिळविलें. त्यांतले दोन गोल झेलरचे. त्या वर्षीं जर्मनींतील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा मान प्रथमच देण्यांत आला, तोहि त्यालाच.

अशा वेळीं, १९६१ सालीं, मिलान शहरच्या ‘इंटर’ या श्रीमंत क्लबाचा शिक्षक हेलेनियो हेरेरा स्वतः हँबुर्गला येऊन उतरला. त्यानें देऊं केलेली रक्कम दहा लक्ष मार्कांच्या आसपास होती. या आकड्याचा अर्थ नीट समजण्यासाठीं तेथील त्यावेळची व्यवस्था ध्यानीं घ्यावी लागते. पश्चिम जर्मनींत तेव्हां राष्ट्रव्यापी धंदेवाईक साखळी नव्हती. ‘बुंडेसलीगा’ ही स्पर्धा पुढें १९६३ मध्यें सुरू झाली. खेळाडूच्या वेतनाला नियमानें मर्यादा घातलेली होती, आणि ती महिना कांहीं शेंकडा मार्कांपलीकडे जात नव्हती. बहुतेक खेळाडू खेळाबरोबर दुसरा उद्योग करीत. ज्याला घरीं सारा जन्म खेळूनहि इतकी रक्कम दिसली नसती, त्याच्यापुढें ती एकाएकीं मांडली गेली होती.

झेलरनें ती घेतली नाहीं.

याला कोणी त्याग म्हणेल. पण हा शब्द येथें नेमका बसत नाहीं. झेलर वैरागी नव्हता, व्यवहारी गृहस्थ होता. १९५९ मध्यें त्याचें लग्न झालें होतें. मालवाहतुकीच्या कचेरींत राहून त्यानें व्यापाराचें शिक्षण घेतलें होतें, आणि ‘आदिदास’ या क्रीडापादत्राणांच्या कंपनीचें प्रतिनिधित्व त्याच्या हातीं आलें होतें. आज ना उद्यां खेळ संपेल आणि त्यानंतर हाच उद्योग पोटाला घालील, हें तो ओळखून होता. परक्या देशांतला लाभ मोठा, पण चार वर्षांचा. घरची मिळकत बेताची, पण जन्माची. त्यानें आपली गरज मोजली आणि ती भागते असें पाहून तो थांबला. माणसाला मोह पडतो तो बहुधा हा ‘पुरे’चा आकडा अगोदर ठरविलेला नसतो म्हणून.

या निर्णयाची किंमत त्याला पडली नाहीं काय? अवश्य पडली. इंटर क्लबानें १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. त्याचे देशबांधव हेल्मुट हालर आणि कार्ल-हाइन्त्स श्नेलिंगर इटलींत गेले व तेथें त्यांनीं नांव काढलें. १९६८ मध्यें युरोपांतील चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना रॉटरडॅम येथें झाला, तेव्हां झेलरच्या हँबुर्गला ए. सी. मिलान संघानें २–० असें हरविलें. विजयी संघांत श्नेलिंगर होता. घरीं राहिलेला हरला आणि बाहेर गेलेला जिंकला, असें त्या दिवशीं स्पष्ट दिसलें.

त्याहूनहि कठीण प्रसंग १९६५ च्या फेब्रुवारींत ओढवला. फ्रांकफुर्ट येथील सामन्यांत टांचेवरची मोठी शीर, जिला अकिलीजची शीर म्हणतात, ती तटकन् तुटली. त्या काळीं अशा दुखापतीनंतर बहुतेकांचा खेळ संपुष्टांत येई. झेलर अठ्ठावीस वर्षांचा होता. नाकारलेले लक्षावधि मार्क आतां परत येणार नव्हते. शस्त्रक्रिया झाली. ‘आदिदास’चा संस्थापक आडोल्फ डास्लर यानें टांचेला आधार देणारा खास बूट त्याच्याकरितां तयार केला, आणि महिन्यांमागून महिने कष्ट करून झेलर पुन्हां उभा राहिला. सात महिन्यांनीं, २६ सप्टेंबर रोजीं, स्टॉकहोम येथें स्वीडनशीं गांठ होती. १९६६ च्या विश्वचषकांतील जर्मनीचा प्रवेश त्या निकालावर अवलंबून होता. जर्मनीनें सामना २–१ असा जिंकला, आणि विजयाचा गोल झेलरचा होता.

पुढें १९६६ च्या अंतिम सामन्यांत लंडनला इंग्लंडकडून ४–२ असा पराभव झाला. कर्णधार झेलर मान खालीं घालून मैदान सोडतो आहे, हें त्या वेळचें छायाचित्र जर्मनींत घरोघर ठाऊक आहे. १९७० मध्यें मेक्सिकोंत त्यानें आपली मधली जागा तरुण गेर्ड म्यूलरला मोकळी करून दिली आणि स्वतः मागें सरून खेळला. म्यूलरनें त्या स्पर्धेंत दहा गोल केले. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यांत पराभव समोर दिसत असतां, गोलाकडे पाठ असलेल्या झेलरनें डोक्याच्या मागल्या भागानें चेंडू आंत धाडून बरोबरी साधली. म्यूलरनें मग विजय मिळविला. १९५८, १९६२, १९६६ व १९७० अशा चार विश्वचषकांत त्यानें गोल केले, परंतु तो चषक त्याच्या हातीं कधींच आला नाहीं. राष्ट्रीय संघाकडून ७२ सामन्यांत ४३ गोल, हा त्याचा जमाखर्च.

१ मे १९७२ रोजीं त्यानें निरोपाचा सामना खेळून मैदान सोडलें. पुढें १९७८ मध्यें आयर्लंडच्या कॉर्क सेल्टिक संघाकडून तो एकच सामना खेळला. एवढा अपवाद सोडल्यास दुसऱ्या क्लबाचा पोशाख त्यानें स्पर्धेंत अंगावर चढविला नाहीं. १९९५ मध्यें लोकांच्या आग्रहानें तो क्लबाचा अध्यक्ष झाला. पण क्लबाच्या आर्थिक व्यवहारांवरून वाद उठला आणि १९९८ मध्यें त्यानें पद सोडलें. मैदानावरील मोठेपण कचेरींत उपयोगी पडतेंच असें नाहीं. तरीहि गांवाची माया आटली नाहीं. २००३ मध्यें हँबुर्गनें त्याला सन्माननीय नागरिकत्व दिलें, आणि २००५ पासून त्याच्या उजव्या पावलाची कित्येक टन वजनाची कांशाची प्रतिमा क्लबाच्या क्रीडागारासमोर उभी आहे.

पिकतें तेथें विकत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. झेलरच्या बाबतींत ती उलटी ठरली. उत्तर जर्मनीच्या बोलींत लोक त्याला ‘उन्स ऊवे’, म्हणजे ‘आपला ऊवे’, म्हणत. ही पदवी कोणत्याहि संस्थेनें दिलेली नव्हती, आणि ती विकत घेण्याची सोयहि नव्हती. २१ जुलै २०२२ रोजीं, वयाच्या पंचाऐशीव्या वर्षीं तो वारला. त्याची सार्वजनिक शोकसभा ऑगस्टमध्यें भरली ती हँबुर्गच्या त्याच क्रीडागारांत.