हसवणाऱ्या बाईचा सत्कार

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्कारमूर्तींची यादी आत्ताच वाचून झाली. त्यात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, महसूल खात्यातले अधिकारी आहेत. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. जेवणाआधी लोकांनी थोडं हसावं म्हणून समितीनं मला दहा मिनिटं दिली आणि विषय दिला, ‘आपल्या वेळचा टीव्ही’. मी जुन्या मालिका आठवायला बसले आणि एका प्रश्नाशी अडकले. ज्या बायकांनी आपल्याला हसवलं, त्यांचा सत्कार कोण करतं?

आपण दहावीच्या आसपास होतो तेव्हा बुलढाण्यात केबल नवी होती. ज्यांच्या घरी होती त्यांच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा. १९९३ मध्ये सुरू झालेली ‘ज़बान संभाल के’ तुम्हाला आठवत असेल. नोकरी न मिळालेला एक इंजिनिअर नाइलाजानं हिंदी शिकवायला येतो आणि त्याच्या वर्गात देशोदेशीचे, प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी असतात. मूळ कल्पना एका इंग्लिश मालिकेची. मास्तर होते पंकज कपूर. आणि त्या संस्थेच्या कडक प्रमुख होत्या शुभा खोटे. त्यांना पाहिलं की मला आपल्या शाळेतल्या एका बाईंची आठवण यायची. त्या आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही.

शुभाताई दारात आल्या की मास्तर गडबडायचे आणि आपण हसायचो. पण त्यांचं गडबडणं खरं वाटायचं ते समोरच्या बाईमुळे. चेहऱ्यावरची एक रेष त्या हलू देत नसत. विनोदात एकानं घसरायचं असेल, तर दुसऱ्यानं खांबासारखं उभं राहावं लागतं. टाळ्या घसरणाऱ्याला मिळतात, खांबाकडे कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय नाटकात प्रेक्षक हसला की नटाला कळतं, पुढचं वाक्य कधी टाकायचं ते. अशा मालिकेच्या चित्रीकरणात समोर असतात कॅमेरे आणि काम करणारी माणसं. आपल्याला ऐकू येणारा हशा पुष्कळदा मागाहून जोडलेला असतो. म्हणजे घरी बसलेला माणूस कुठे आणि किती वेळ हसेल हे मनातल्या मनात मोजून तेवढी जागा सोडायची. गणिताच्या सरांनी माफ करावं, पण हे गणित बीजगणितापेक्षा अवघड आहे.

या शुभाताई कोण होत्या, हे तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. जन्म १९३७ चा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे नट. ‘शोले’मधला कालिया, म्हणजे विजू खोटे, हे त्यांचे सख्खे भाऊ, आणि ‘ज़बान संभाल के’मध्ये तेही होते. ऐन विशीच्या आत शुभाताई पोहणं आणि सायकलिंग या दोन्हीत महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. १९५५ मध्ये ‘सीमा’ या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा सायकलीवरचं हे कसब त्यांच्या कामी आलं. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाच्या त्या पदवीधर. पुढे मेहमूद आणि धुमाळ यांच्याबरोबर त्यांची विनोदाची अशी तिकडी जमली, की लोक नायक-नायिकेइतकीच त्यांची वाट पाहायचे. ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. ‘एक दूजे के लिए’मध्ये कठोर आई केली. आणि एवढं सगळं करून टीव्हीवर नव्या पिढीला हसवायला पुन्हा उभ्या राहिल्या. कोणत्याही महाविद्यालयानं ‘ही आमची विद्यार्थिनी’ म्हणून मिरवावं अशी ही बाई आहे.

दुसरं नाव रीमा लागूंचं. पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी. ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन्ही मालिका १९९४ च्या सुमाराच्या. दुसरीत सून होत्या सुप्रिया पिळगावकर. या सासू-सुनेच्या वयात खरं अंतर जेमतेम नऊ वर्षांचं होतं, रीमाताई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. छत्तिसाव्या वर्षी पदर खोचून सासू व्हायचं आणि घराघरातल्या खऱ्या सासवांनाही हसायला लावायचं, हे सोपं नव्हे. १८ मे २०१७ ला त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे एकच मथळा होता, ‘पडद्यावरची आई गेली’. ते खरंच होतं. पण पडद्यावरची ती भांडकुदळ, मिश्कील, हजरजबाबी सासूही त्याच दिवशी गेली होती. तिची आठवण बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात आली.

आता आपल्या राज्याचा सर्वोच्च सन्मान घेऊ. पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार १९९६ मध्ये कुणाला मिळाला? पु. ल. देशपांडे यांना. मला याचा फार अभिमान वाटतो, की या राज्यानं पहिला मान हसवणाऱ्या माणसाला दिला. २०२३ चा पुरस्कार अशोक सराफ यांना मिळाला, तोही अगदी योग्य. अभिनेत्रींमध्ये हा मान मिळाला तो २००९ मध्ये सुलोचनादीदींना, पडद्यावरच्या सोशिक आईला. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण यादीकडे एकदा नीट पाहा. बाईचं गाणं तिथे आहे, बाईचे अश्रू तिथे आहेत, बाईची समाजसेवा आहे. बाईचा विनोद अजून तिथे पोचलेला नाही.

असं का व्हावं? रडणारी बाई समोर असली की आपल्याला तिची दया येते. हसवणारी बाई समोर असली की ती आपल्याकडे पाहते आहे, हे जाणवतं. तिनं आपली नक्कल मनात टिपून ठेवलेली असते. त्याची थोडी भीती वाटते, आणि ज्याची भीती वाटते त्याला आपण ‘थिल्लर’ म्हणून मोकळे होतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच गावात आहे. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पुण्यात छापली, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ते पुस्तक संतापातून आलेलं आहे हे सगळे सांगतात. ते वाचताना हसूही येतं, हे कुणी सांगत नाही. पुरुषांच्या ढोंगाची, नटण्यामुरडण्याची, शूरपणाच्या गप्पांची त्यात अशी रेवडी उडवली आहे, की आजही मोठ्यानं वाचलं तर सभागृह हसेल. त्या वेळी लोक हसले नाहीत, तुटून पडले. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा मधे ९३ वर्षं गेली होती. सत्कार उशिरा होतो म्हणजे किती उशिरा, याचं हे बुलढाण्याचं माप.

आणि आपल्या वर्गातही एक होती. नाव घेऊ नको अशी तिनं मला ताकीद दिली आहे. आठवीच्या गॅदरिंगला तिनं धोतर नेसून, पोटाला उशी बांधून तलाठी केला होता. ‘काहून रे पोट्टेहो, सातबारा काय झाडाले लागते का?’ असं म्हणून ती अशी थांबली, की अख्खी शाळा हसत असताना ती एकटी गंभीर होती. ते थांबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. नववीत घरून निरोप आला, मोठ्या मुलीनं स्टेजवर माकडचाळे करायचे नाहीत. त्या वर्षी तिला देशभक्तीच्या गाण्यात झेंडा धरून उभं राहायची परवानगी मिळाली. तेव्हापासून ती भिशीत हसवते, लग्नघरात हसवते, दवाखान्यात भेटायला गेली तर आजाऱ्याला हसवते. आजच्या यादीत ती नाही, कारण यादीत पदाचा रकाना आहे आणि तिच्याकडे लिहायला पद नाही.

कुणावर रागावून मी हे बोलत नाही. समितीनं खूप कष्ट घेतले आहेत. माझी एक सूचना आहे. आपल्या बॅचनं जो निधी जमवला आहे, त्यातून दरवर्षी गॅदरिंगमध्ये एक बक्षीस द्यावं. विनोदी अभिनयासाठी, आणि ते मुलीसाठी. बक्षिसाला नाव ताराबाई शिंद्यांचं असावं. रक्कम मोठी नको. पण प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असावा, म्हणजे ते घरी दाखवता येईल. नववीतल्या एखाद्या मुलीच्या घरून निरोप आला, तर निदान तिच्या हातात एक कागद असेल, की माझ्या शाळेनं याला माकडचाळे म्हटलेलं नाही.

पहिल्या वर्षीचं बक्षीस माझ्याकडून. पाकीट मी खजिनदारांकडे दिलं आहे. पहिली परीक्षक म्हणून तिसऱ्या रांगेतल्या त्या मैत्रिणीचं नाव सुचवते. ती आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे आणि तिच्या आजूबाजूचे सगळे हसताहेत, तेव्हा ती कोण हे मी सांगायची गरज उरलेली नाही.