चुलीजवळचा डबा

मंडळी, आपल्याकडे वर्षाचे धान्य बळदात असायचे. पण रोजच्या भाकरीचे पीठ चुलीजवळच्या डब्यात. मेनफ्रेम नावाच्या थोरल्या संगणकाचेही तसेच आहे. त्याचे बळद म्हणजे चकत्या आणि डबा म्हणजे ‘कॅश’, लहान पण जलद स्मृती.

मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हवी ती नोंद समोर यायलाच सरासरी ८ मिलिसेकंद जात. समजा, डब्यातून १ आणि बळदातून २० मिलिसेकंद लागतात. शंभरांपैकी नव्वद मागण्या डब्यात भागल्या तर सरासरी २.९, सत्तरच भागल्या तर ६.७! दुपटीहून जास्त खोळंबा, आणि तो सोसणार बँकेच्या खिडकीपुढचा माणूस.

मग डबा मोठा करावा? तेवढ्याने भागत नाही. ओळीने एकदाच वाचायचा मोठा संच डब्यात शिरला, की वारंवार लागणाऱ्या नोंदींना बाहेर ढकलतो. म्हणून आय. बी. एम.च्या व्यवस्थेत संचांना वर्ग नेमून देतात : उत्तर किती मिलिसेकंदांत हवे, वाचन ओळीने की कोठूनही.

आणि लिहिता लिहिता वीज गेली तर? १९८७ च्या ३९९० नियंत्रकाच्या तिसऱ्या नमुन्यात त्यासाठी बॅटरीवर तगणारी स्मृती दिली होती.

आज चकत्यांची जागा बहुतेक ठिकाणी फ्लॅशने घेतली, तरी डबा सुटलेला नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडून पाहा. डबा केवढा, यापेक्षा त्यात काय ठेवावे हे ज्याला उमगले, त्याचा संसार नीट चालतो.