ई-सिगारेट आणि सिगारेट : कमी विष म्हणजे औषध नव्हे

(उल्हासनगर कॅम्प ४ येथील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



आज मी भाताच्या खोडकिड्यावर किंवा वालाच्या बियाण्यावर बोलणार नाही, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. विषय बदलण्यास कारण घडले. मागील बैठक संपल्यावर मलंगगड पट्ट्यातील एक वयस्कर शेतकरी मागे थांबले. त्यांनी पिशवीतून रंगीत पेनासारखी एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "साहेब, नातवाच्या दप्तरात हे सापडलं. वास आंब्याचा येतो. विचारलं तर म्हणतो, आजोबा, तुमच्या बिडीपेक्षा हे बरं, यात धूर नाही. खरं का हे?"

ती ई-सिगारेट होती. मुले तिला 'व्हेप' म्हणतात. आजोबांना मी तेव्हा उत्तर दिले नाही. नीट वाचून सांगतो, एवढेच म्हणालो. ते उत्तर आज आपणा सर्वांसमोर देत आहे. मी डॉक्टर नाही. परंतु या वस्तूत जे निकोटीन असते ते आपल्या शेतीशास्त्रातील जुने ओळखीचे विष आहे, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करतो.

निकोटीन : शेतकऱ्याच्या ओळखीचे विष

तंबाखूचे झाड किडींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी निकोटीन तयार करते. म्हणूनच पूर्वी भाजीपाल्यावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारीत असत. पुढे निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक वापरात आले. ते माणसालाही अत्यंत विषारी असल्याने आपल्या देशात आज त्याच्या वापरास बंदी आहे. तुडतुड्यांसाठी आपण इमिडाक्लोप्रिड वापरतो. ते ज्या गटातले आहे त्याचे नाव निओनिकोटिनॉइड. निकोटीन मज्जातंतूच्या ज्या जागी जाऊन बसते, किडीच्या शरीरात त्याच जागी हे औषध बसते.

निकोटीन कातडीतूनही शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने उघड्या हातांनी हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, चक्कर असा त्रास होतो. व्हेपमधील द्रवात हेच निकोटीन विरघळवलेले असते. लहान मुलाने तो द्रव गोड वासामुळे तोंडात घातला तर जिवावर बेतू शकते.

निकोटीनची दुसरी बाजू म्हणजे सवय. त्यामुळे नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला पुन्हा पुन्हा त्याची मागणी लागते. मेंदूची वाढ साधारणपणे वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. त्यामुळे कोवळ्या वयात लागलेली ही सवय अधिक घट्ट बसते.

सिगारेट व बिडी काय करतात?

झुरका घेताना सिगारेटचे जळते टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तंबाखू जळून निघणाऱ्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारण होणारी आहेत. डांबरासारखा चिकट पदार्थ फुप्फुसात साचतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करतो. फुप्फुसाचा कर्करोग, जुनाट दमा-खोकला, हृदयविकार व पक्षाघात यांचे मूळ मुख्यतः या जळण्यात आहे.

बिडीत तंबाखू कमी म्हणून ती सौम्य, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी जास्त वेळा व जोराने ओढावी लागते. परिणामी बिडीतून डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, किंबहुना जास्त पोटात जाते.

ई-सिगारेट कशी चालते?

हे यंत्र चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केले. यात बॅटरी, एक छोटी तापणारी तार आणि द्रव असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व सुगंधी द्रव्ये मिळून हा द्रव बनतो. ओढले की तार तापते आणि द्रवाचे बारीक तुषार बनतात. आपण पंपाने फवारणी करतो तेव्हा नोझलमधून जसे तुषार निघतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे फवारा पिकावर न पडता फुप्फुसात पडतो.

यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर नसते व कार्बन मोनॉक्साइड नगण्य असतो. नातवाच्या बोलण्यात एवढे खरे आहे. परंतु तार जास्त तापल्यास फॉर्माल्डिहाइड व अ‍ॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात, आणि तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण उतरतात. नव्या प्रकारच्या व्हेपमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात असते. ते घशाला खुपत नाही, म्हणून नवशिक्याच्या शरीरातही भरपूर निकोटीन सहज उतरते. बिडीचा पहिला झुरका ठसका देऊन सावध तरी करतो. आंब्याच्या वासाचा व्हेप तेही करीत नाही.

मग कमी घातक कोणते?

याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. जो प्रौढ माणूस वर्षानुवर्षे सिगारेट ओढतो व ती पूर्णपणे सोडून फक्त ई-सिगारेटवर येतो, त्याच्या शरीरात जाणारी घातक द्रव्ये बरीच कमी होतात. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी तिचा उपयोग सुचवला जातो. मात्र तेथेही द्रवातील निकोटीनवर मर्यादा घातलेली आहे, आणि मुलांमध्ये प्रसार झाल्याने एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून बंदी आली आहे. जो माणूस सिगारेटही ओढतो आणि व्हेपही, त्याला विशेष लाभ होत नाही. आणि ज्याने कधी काहीच ओढले नाही त्या मुलाला लाभ शून्य. मिळते ती फक्त सवय.

कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण आठवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लालऐवजी हिरव्या त्रिकोणाचे औषध वापरणे शहाणपणाचे आहे. पण हिरवा त्रिकोण आहे म्हणून ते औषध कोणी ताकात घालून पीत नाही. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर काळाशी निगडित आहे. आज आपण जेथे बसलो आहोत, तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराचा तळ होता, म्हणून तर 'कॅम्प' हे नाव. त्या युद्धात ब्रिटिश सैनिकांना शिध्याबरोबर सिगारेट मिळत असे व त्यात कोणाला वावगे वाटत नसे. डॉल व हिल या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठळकपणे मांडला तो १९५० मध्ये. रोग दिसण्यास वीस-तीस वर्षे लागतात. व्हेप तर कालपरवाचा आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा गंभीर आजार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याचा मुख्य संबंध गांजातील द्रव्य घातलेल्या, बहुतांशी चोरट्या बाजारातील द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी आढळला. खात्री नसलेला माल घेतला की असे घडते.

आपल्या देशात तर सगळाच व्हेप असा खात्री नसलेला आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, तिची जाहिरात करणे व साठा ठेवणे हा गुन्हा ठरला आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. बिल, बॅच नंबर व सील पाहिल्याशिवाय औषध घेऊ नका, असे आम्ही आपणास दरवर्षी सांगतो. मग ज्या डब्याला यातले काहीच नाही, तो मुलाच्या छातीत रिकामा होऊ द्यावा काय?

"धूर नाही म्हणजे धोका नाही" हे खरे असते तर मळलेली तंबाखू निर्धोक ठरली असती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १०० प्रौढांपैकी सुमारे २४ जण धूर नसलेली तंबाखू वापरतात; ओढणारे सुमारे ४ आहेत. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे एवढा का, हे यावरून ध्यानात येईल.

काय करावे?

१. मुलाकडे पेन किंवा पेनड्राइव्हसारखी गोड वासाची वस्तू आढळल्यास मारझोड करू नये. कोठून मिळाली हे शांतपणे विचारावे व शाळेस कळवावे.

२. व्हेप कचऱ्याबरोबर जाळू नये. आतील बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. द्रव कातडीस लागल्यास साबणाने धुवावा. पोटात गेल्यास त्वरित दवाखाना गाठावा.

३. फवारणी करताना बिडी वा तंबाखू घेऊ नये. हाताचे औषध तोंडात जाते. पेंढ्याच्या उडवीजवळ तर काडी पेटवूच नये.

४. टोमॅटो व मिरचीची रोपे हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तंबाखूतील मोझॅक विषाणू हातावाटे रोपांना लागतो.

५. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. निकोटीनचे च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

६. हिशेब मांडावा. रोज ३० रुपये म्हणजे वर्षाला १०,९५० रुपये होतात.

मी स्वतः वसतिगृहात असताना सहा वर्षे सिगारेट ओढली आहे. सोडताना पहिला आठवडा फार जड गेला. जेवणानंतरची सिगारेट सर्वांत शेवटी सुटली. त्या वेळी मी बडीशेप तोंडात टाकून प्रक्षेत्रावर एक चक्कर मारीत असे. तलफ काही मिनिटांची असते. ती टळली की पुढची थोडी उशिरा येते. सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. साठीतही सोडण्याचा फायदा होतो.

शेवटी त्या आजोबांना सांगतो. नातवाचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याच्या हातातील वस्तूत बिडीपेक्षा विष कमी असेल. पण त्याला दोन्हींची गरज नाही, आणि आपल्यालाही नाही. जोवर बिडीचे बंडल आपल्या खिशात आहे, तोवर त्याचे बोलणे आपल्याला खोडता येणार नाही. तेव्हा बंडल आणि व्हेप दोन्ही एकाच दिवशी, एकमेकांसमोर टाकावेत.

पुढच्या बैठकीत खोडकिड्यावर अवश्य बोलू.