अकरा किलोंची बॅग आणि एक पंचा

(मालवण येथे तरुण स्वयंसेवकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कुणी गुडघा दाखवायला येणार नाही. मी इंजिनिअर आहे, पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो आणि महिन्यातून एकदा गावी येतो. काही वर्षांपूर्वी प्रथमोपचार आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि दरवर्षी त्याची उजळणी करतो. माझी पात्रता एवढीच. आज तुमच्यापैकी बरेच जण तेच प्रशिक्षण घेत आहेत. ते संपलं की पहिला प्रश्न येतो, बॅगेत काय ठेवायचं? मलाही तोच पडला होता आणि त्याचं उत्तर मी फार वाईट दिलं होतं.

माझी पहिली बॅग अकरा किलोंची होती. मोबाइलवर दिसेल ते मागवत गेलो. बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, टाके घालायचे चिमटे (टाके घालता येत नाहीत, पण चिमटे होते), सात प्रकारच्या पट्ट्या, तीन टॉर्च. अम्मी म्हणाली, "दवाखाना काढतोयस का?" मला ती कौतुक करतेय असं वाटलं.

मग गणपतीच्या दिवसांत, कसालच्या अलीकडे, समोर एक दुचाकी घसरली. चालवणारा पोरगा विशीतला. पत्रा लागून मांडी फाटलेली, रक्त वाहत होतं. मी गाडी बाजूला घेतली, बॅग काढली, चेन उघडली आणि शोधायला लागलो. हातमोजे कुठे? गॉझ कुठे? वरच बीपीचं यंत्र. त्याच्या खाली पट्ट्या, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या पिशव्यांत. रस्त्यावर वस्तूंचा ढीग झाला. तेवढ्यात मागून एक रिक्षावाले काका आले. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, त्याचा बोळा केला, जखमेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ह्यां काय दुकान मांडलंस?"

पोरगा वाचला. तो त्या पंच्यामुळे वाचला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकांनी दाब सोडला नाही. माझी बॅग रस्त्यावर उघडी पडली होती आणि मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो होतो.

त्या रात्री मी बॅग रिकामी केली. आमच्या धंद्यात एक जुनी सवय आहे. प्रोग्रॅम हळू चालायला लागला की नवीन काही जोडण्याआधी कोणती गोष्ट वेळ खातेय ते मोजायचं. मी तेच केलं. प्रश्न उलटा विचारला, आपल्या किनाऱ्यावर माणूस पहिल्या दहा मिनिटांत कशाने जातो?

पहिलं उत्तर समोरच आहे, समुद्र. १५ एप्रिल २०१७ रोजी इथल्याच वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ जण बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजचे चौदा विद्यार्थी गेले. ती नावं वाचताना आपल्यातल्या कित्येकांना ती आपल्याच घरातली वाटली असतील. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. मी इथे कुणाची चूक काढत नाही. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाजवळ पहिली काही मिनिटं जो उभा असतो तो डॉक्टर नसतो, एवढंच मला म्हणायचंय. तो होडीवाला असतो, रापण ओढणारा असतो, नाहीतर तुमच्यासारखा सुट्टीला आलेला कुणीतरी असतो.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, त्या गाडीत डॉक्टर असतो, आणि ती फार मोलाची आहे. पण देवबागच्या टोकाला जाऊन बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधून एकच अरुंद रस्ता. मे महिन्यात त्यावर पर्यटकांच्या गाड्या दोन्हीकडून. तिथून मालवण दहा-बारा किलोमीटर आणि मालवणहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणखी तीसएक. फार गंभीर असेल तर लोक थेट गोव्यात बांबोळी गाठतात. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी ही अंतरं कमी होत नाहीत. म्हणून आपली बॅग त्या मधल्या वेळापुरती. रुग्ण बरा करणं तिचं काम नाहीच.

आता ही बॅग बघा. चार किलोंच्या आत आहे. पाठीला लावून वाळूत धावता येतं, हे मी पळून बघितलंय, आणि तुम्हीही बघाच. मुंबईत २०१७ साली बाईक अॅम्ब्युलन्स सुरू झाल्या. गर्दीतून वाट काढत डॉक्टर बाइकवरून जातो आणि त्याचं सगळं सामान बाइकवर मावेल एवढंच असतं. मला ती कल्पना फार आवडते. जागा कमी असली की माणूस विचार करतो.

सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात हातमोजे आणि पॉकेट मास्क. बाकी काही नाही. तो कप्पा डोळे मिटून उघडता आला पाहिजे.

पॉकेट मास्क का, ते सांगतो. बुडालेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे थांबतं. म्हणून त्याच्या बाबतीत नुसती छाती दाबून भागत नाही, त्याला हवा लागते. तुम्हाला आज शिकवलंय, श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास, पुन्हा तीस. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस, खोली पाच-सहा सेंटिमीटर. आता प्रामाणिकपणे सांगा, अनोळखी माणसाच्या तोंडाला फेस आलाय, उलटी झालीय, तुम्ही तोंड लावाल? बरेच जण थबकतात. हा मास्क एकतर्फी झडपेचा असतो. त्याच्यामुळे ते थबकणं टळतं, म्हणून तो सगळ्यात वर. फेस पुसत बसायचं नाही, तो येतच राहतो. आणि पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन पळणं, हे आपल्या किनाऱ्यावर अजून चालतं. ते थांबवायचं काम तुमचं. गोड बोलून थांबवा. समोर त्या मुलाचा बाप उभा असतो.

दुसरा कप्पा रक्ताचा, लाल कापडी पट्टी शिवलेला. त्यात गॉझच्या दोन मोठ्या घड्या, एक दाबपट्टी, एक जाड कात्री, एक टुर्निके. आणि एक सुती पंचा. हसू नका. ओल्या अंगावर चिकटपट्टी चिकटत नाही, अंग पुसायला पंचा, दाबायला पंचा, झोळी करायला पंचा. काकांचा पंचा मी परत करू शकलो नाही, हा त्याची आठवण म्हणूनही आहे.

टुर्निके हातापायाच्या अशा जखमेला, जिथे जोराने दाबूनही रक्त थांबत नाही. होडीच्या पंख्याने कापलेला पाय असेल किंवा हायवेवरचा अपघात असेल. जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ लिहायची आणि मग दवाखान्याशिवाय सोडायचा नाही. तो खूप दुखतो. रुग्ण ओरडेल, शिव्या देईल. ऑनलाइन स्वस्तातले नकली टुर्निके मिळतात. मी एक घेतला होता, घरी स्वतःच्या मांडीवर आवळून बघितला तर दांडी मोडली. पैसे वाचवायचे असतील तर टॉर्चमध्ये वाचवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हाच टुर्निके साप चावलेल्या माणसाला बांधायचा नाही. कधीच नाही. सिंधुदुर्गात ही चूक व्हायला वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे फुरसं आहे. कातळावर, दगडांच्या गडग्यात, आंब्याच्या बागेत पाचोळ्याखाली. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. घट्ट आवळून ठेवलेल्या हातापायाचं नुकसान होतं आणि विष काही कायमचं अडत नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारून पिशवीत आणायचा नाही. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. चावलेला अवयव स्प्लिंट लावून स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ती फक्त रुग्णालयातच द्यायची, कारण तिची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते. म्हणजे सापासाठी माझ्या बॅगेत काय आहे? गुंडाळून ठेवता येणारा एक स्प्लिंट, दोन त्रिकोणी पट्ट्या आणि एक मार्कर. मार्करने सुजेची कड आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. डॉक्टरला त्या दोन रेघांतून सूज किती वेगाने चढतेय ते कळतं. दहा रुपयांची वस्तू आहे.

महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्य घालवलं. रक्तदाबाचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू त्यांनी कमी करून दाखवले. कोकणातल्या छोट्या गावात बसून. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की त्यांनी आधी बघितलं आपल्याकडे माणसं कशाने मरतात. परदेशी दुकानात तयार मिळणाऱ्या बॅगेत फुरसं धरलेलं नसतं. शिंगाळ्याचा काटाही नसतो.

शिंगाळा आणि पाकट. मासेमारीवाल्या घरातल्यांना सांगायला नको. जाळं झटकताना काटा हातात घुसतो आणि मोठा माणूस रडतो. त्यावर गरम पाणी, सोसवेल एवढं, भाजणार नाही एवढं, अर्धा ते दीड तास. दुसऱ्या चांगल्या हाताने आधी तापमान बघायचं. छातीत किंवा पोटात काटा गेला असेल तर काढायचा नाही, तसाच दवाखान्यात. गरम पाणी मी बॅगेत ठेवत नाही. किनाऱ्यावर चहाची टपरी असते.

बाकीचं पटकन सांगतो. ओआरएसची पाकिटं, साखर, अंग झाकायला एक फॉइल (पाण्यातून काढलेला माणूस मे महिन्यातही काकडतो), डोक्याला लावायचा एक टॉर्च. छातीत दुखतंय म्हटलं की अॅस्पिरिन द्यायची की नाही, ते १०८ वरच्या डॉक्टरला विचारून. दुसऱ्यांना गोळ्या वाटणं हे आपलं काम नाही. बीपीचं यंत्र काढून टाकलं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवलाय, पण गार, ओल्या बोटावर तो भलताच आकडा दाखवतो. आकडा बघू नका, माणूस बघा.

खारी हवा. हे कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नाही. पहिल्या पावसाळ्यात धातूची चेन गंजून अडकली, कात्रीला तांबेरा चढला, चिकटपट्टीचा डिंक विरघळून सगळं एकमेकांना चिकटलं, ओआरएसचा दगड झाला. आता प्लॅस्टिकची चेन, प्रत्येक कप्प्यातलं सामान बंद पिशवीत, पिशवी पारदर्शक. गाडीच्या डिकीत बॅग ठेवायची नाही, उन्हात हातमोजे चिकट होतात आणि फाटतात. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजहून आलो की मी सगळं बाहेर काढतो आणि परत भरतो. दहा मिनिटं लागतात. मुदत संपलेलं दिसतंच, पण खरा फायदा वेगळा आहे, हातांना जागा पाठ होते.

आता जे मला इथे, आपल्याच माणसांत, बोलायचं होतं ते. त्या दिवशी कसालला पोलीस आले तेव्हा माझ्याबरोबरचा मित्र हळूच म्हणाला, "नाव सांगू नकोस, निघू या." तुम्हाला कळलं तो काय म्हणत होता. घरीही हेच सांगतात, पुढे होऊ नको, उद्या तुझ्यावरच आलं तर? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मलाही वाटली. पण कायदा काय आहे तो माहीत असू द्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत केली तर त्या मदतीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती करता येत नाही. आणि त्याच नियमांत लिहिलंय की मदत करणाऱ्याला धर्म, राष्ट्रीयत्व, जात, लिंग यांवरून भेदभाव न करता सन्मानाने वागवायचं. हा हक्क प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावलेला असायला हवा. दिसला नाही तर विचारा. हे कलम वाहन अपघातांसाठीचं आहे, समुद्रावरच्या घटनेला ते थेट लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा.

मी या नियमाची एक प्रत बॅगेच्या झाकणाच्या आत चिकटवलीय. ती कुणाला दाखवायची वेळ अजून आलेली नाही. कसालला मी नाव सांगितलं. पूर्ण. हवालदारांनी लिहून घेतलं, "पाणी प्या" म्हणाले, आणि रिक्षावाल्या काकांच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतायला लागले.

बोलणं पुरे. दोघं जण पुढे या, ही बॅग घ्या. सलीमभाई, खिडक्या लावा आणि दिवे घालवा. मी वीस आकडे मोजतो, तेवढ्यात मोजे हातात आणि मास्क बाहेर. एक, दोन...