अकरा नंबरचा आंबा



जमैका बेटावर 'नंबर इलेव्हन' नावाचा आंबा खातात. १७८२ साली मॉरिशसहून आजच्या हैतीकडे निघालेलं एक फ्रेंच जहाज इंग्रजी आरमाराने वाटेत पकडलं. त्यात रोपं होती, रोपांवर क्रमांक होते. ती किंग्स्टनजवळच्या डोंगरात, हिंटन ईस्ट यांच्या बागेत लावली. अकराव्या रोपाचा वंश आजही त्याच आकड्याने ओळखला जातो. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो; फळ कुठून, कसं आलं, ते त्याने विसरू दिलेलं नाही.

तिथे 'बॉम्बे' नावाचाही आंबा आहे. पोटाभोवती सुरी फिरवायची, दोन्ही वाट्या उलटसुलट पिळायच्या. कोय सुटते आणि गर चमच्याने खाता येतो. आणि आपलं बोर? १८४५ पासून हिंदुस्थानातून जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर गेले. त्यांना गोरे 'कुली' म्हणत, म्हणून तिथे बोराचं नाव पडलं 'कुली प्लम'. इतक्या गोड फळाला चिकटलेली ही हेटाळणी मला आजही खुपते.

नीरफणसाची कथा तर भुकेची आहे. गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून मळेवाल्यांना ते झाड हवं होतं. कॅप्टन ब्लाय ताहितीहून रोपं घेऊन निघाला, पण १७८९ साली 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. दुसऱ्या फेरीत, १७९३ साली, ती जमैकाला पोचली. ज्यांच्यासाठी आणली, त्यांनी बरीच वर्षं ते फळ मनापासून खाल्लं नाही. आज तेच अख्खं निखाऱ्यावर काळं होईतो भाजतात, साल खरवडतात आणि वाफाळत्या फोडी करतात.

सगळ्यांत लाडकं फळ मात्र अकी. गुलामांच्या जहाजांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून आलेलं, आपल्या रिठ्याच्या कुळातलं. कच्चं असताना ते विषारी असतं. लाल फळ झाडावरच आपणहून उकलावं लागतं. मग तीन काळ्याभोर बिया आणि त्यांना बिलगलेला पिवळसर गर दिसतो. बिया आणि गुलाबी पापुद्रा काढून गर उकळतात, पाणी फेकून देतात. कांदा, मिरची आणि खारवलेल्या कॉड माशाबरोबर परतला की जमैकाची न्याहारी तयार होते. हे फळ किती वेळात उकलेल, ते झाडच ठरवतं. तोवर घरातली बाई खाली उभी राहून नुसती वर बघत असते.