औंधचे विधिमंडळ आणि गावची पंचायत

घटनात्मक राजेशाही, म्हणजे राजा गादीवर राहूनही कायदे करण्याचा आणि कारभाराचा जाब विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभेकडे जातो अशी व्यवस्था, हा विषय निघाला की इंग्लंडची उदाहरणे दिली जातात; ती श्रोत्यांना शाळेपासून पाठ असल्याने येथे त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा सर्वांत धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला, आणि विधिमंडळाचे बळ गावच्या पंचायतीतून येते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे मंत्र्यांनी लोकनियुक्त सभेला उत्तर द्यावे अशा पद्धतीची, घोषणा केली. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध केलेली घटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून संस्थानची विधानसभा उभी राहायची, अशी ही अप्रत्यक्ष निवडणुकीची रचना होती. न्यायाधीश गावात येऊन पंचांसोबत बसत, त्यामुळे बांधाच्या तंट्यासाठी शेतकऱ्याला कचेरीचे हेलपाटे घालावे लागत नसत. मतदाराला लिहिता-वाचता यावे, ही अट मात्र आज समर्थनीय ठरत नाही. जो निरक्षर होता त्यालाच पंचायतीची गरज अधिक होती.

सुमारे ७२ गावांच्या संस्थानाला विधिमंडळ कशाला, असा प्रश्न आज श्रोत्यांमधून आला आणि काही काळ हशाही पिकला. परंतु आकाराने लहान म्हणून प्रयोग क्षुल्लक ठरत नाही; गादीवर बसलेल्या राजाने आपले अधिकार हयातीतच सोडणे, ही त्या काळच्या संस्थानी मुलखात विरळा गोष्ट होती.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण जुन्नरकरांना सामूहिक कारभाराचे धडे औंधकडून घ्यावे लागत नाहीत. येथील लेण्यांतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी शिलालेखांत धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसायबंधूंच्या संघटनेने, दिलेल्या लेण्याचा आणि पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्याही नोंदी आहेत. जिच्यावर विश्वासाने ठेव सोपवावी अशी संघटना घडवण्यासाठी नियम, हिशेब आणि एकमेकांवरील वचक लागतो, आणि पुढे सभागृहांना लागणारे गुणही हेच आहेत. या लेखांवर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. आजचा वेळ संपत आला आहे.

पुन्हा औंधकडे वळू: ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तेथील विधानसभाही संपली. खालून वर जाणाऱ्या कारभाराची कल्पना मात्र १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या केंद्रीय कायद्यात, पुन्हा दिसते. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी गावे याच क्षेत्रात मोडतात, आणि तेथील घरांत पैसा आणणाऱ्या हिरड्यासारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क हा कायदा मानतो. तो हक्क कागदावर राहू नये यासाठी पश्चिम पट्ट्यातून आलेल्या श्रोत्यांनी पुढच्या ग्रामसभेला हजर राहावे, हिरड्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेत लेखी मागावा आणि ठरावाची प्रत सहीशिक्क्यासह घेऊनच घरी जावे.